लाल दिवा न लागलेल्या पेट्या

टेबलावरचा फोन पहिल्यांदा अवचित वाजला तो मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला. बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांचा नेम आहे, कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा फोन चाचणीचा. त्यावर माणूस बोलत नाही, आमच्या पेट्या बोलतात. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं, म्हणून मी उचलला.

"मोटर सुरू झाली," रचना म्हणाली.

रचनाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

फोन बंद झाला. मी हातातला बोर्ड खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

उद्यमबागेत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची शेड आणि आम्ही अकरा माणसं. शेतातल्या पंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. घरात बसून फोनवरून मोटर चालू-बंद करायची ती पेटी. मोटर चालू झाली की पेटी मालकाला फोन लावते आणि तसं सांगते. तो आवाज रचनाचा. कारखान्याचे मालक मारुतीराव म्हणाले होते, "स्टुडिओ कशाला? आपली रचना हाय की." मग आवाज घुमू नये म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या मधे उभी राहून तिनं ते वाक्य म्हटलं. सहा वेळा हसली. सातव्यांदा हसू दाबून म्हणाली, म्हणून 'झाली'च्या शेवटी एक बारीकशी लकेर आहे. ऐकणाऱ्याला कळत नाही. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, मला कळते.

तर ती लकेर त्या गुरुवारी माझ्या कानात आली. नवी पेटी चाचणीला लावलेली नव्हती. नंबर अनोळखी होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा साडेदहाच्या सुमारास. मग रोजच यायला लागला. कधी एकदा, कधी दोनदा.

मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटायला लागलं होतं. मी बोलत नसते त्याच वेळेत ती बोलायची. फोनशेजारी मी रोज एक तगरीचं फूल ठेवायला लागले. आमचा नागेंद्र, गावोगाव जाऊन पेट्या बसवणारा, एकदा फूल बघून म्हणाला, "आक्का, फोनची पण पूजा सुरू केलीत काय वो? रेंज वाढंल." मी हसले. मौनात हसायला बंदी नाही.

पण त्या फोनचा खरा अर्थ लावायचं धाडस मला होत नव्हतं. तो अर्थ श्रावणात सुरू झाला होता.

आमच्या बोर्डाच्या कडेला चार बारीक भोकं असतात. त्याला डीबग पोर्ट म्हणतात. त्यांत चार पिना टेकवल्या की थेट चिपच्या पोटात जाता येतं. प्रोग्राम तिथूनच घालायचा. पण ज्या वाटेनं घालता येतो, त्याच वाटेनं आतलं सगळं बाहेरही काढता येतं. पेटीचा नंबर, तिचा गुप्त संकेत, सगळं. म्हणून प्रोग्राम बसला की चिपला कुलूप लावतात. ते कुलूप चिपच्या आत असतं, एकदा लागलं की जन्मात उघडत नाही. यंत्रावर दोन दिवे आहेत. हिरवा लागला म्हणजे प्रोग्राम बसला, लाल लागला म्हणजे कुलूप बसलं.

हे काम रचनाचं. त्या दिवशी नव्या चिपा आल्या होत्या, चाळीस पेट्यांच्या. हिरवा दिवा लागत होता, लाल लागत नव्हता. तो लाल दिवा आठवडाभर तसाही खुळखुळा झाला होता. रचनानं त्याला नखानं टिचकी मारली, "ह्याचं काय परत!" म्हणाली आणि पुढचा बोर्ड लावला.

मला राहवलं नाही. तिनं बाजूला ठेवलेला एक बोर्ड घेऊन मी माझ्या पिना टेकवल्या. कुलूप असतं तर कॉम्प्युटरचा पडदा कोरा राहिला असता. पडदा भरून वाहायला लागला. नंबर, संकेत, रचनाचा आवाज, सगळं. दिवा बिघडला नव्हता. नव्या चिपांना कुलूपच लागत नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

एक चिठ्ठी लिहिली असती तरी झालं असतं. हात हलवून 'नको' म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मौनात खुणा करायच्या नाहीत, लिहायचं नाही, हे मी नेमाला वरून जोडलेलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पाळता येतंय म्हणून मी ते पाळत गेले, आणि पाळत गेले म्हणून मला त्याचा अभिमान झाला. चाळीस मिनिटांनी सांगू, असं म्हणून मी तो बोर्ड डावीकडे वेगळा ठेवला.

पावणेबाराला रचनानं पिशवी खांद्याला लावली. खानापुरात मामेबहिणीचा साखरपुडा होता, अर्धी रजा घेतली होती. जाता जाता माझ्यासमोर वाकून म्हणाली, "आक्का, बारा वाजले की आज एकटीच बोलत बसा हं!" आणि स्कूटीची किल्ली बोटात फिरवत गेली.

उद्या ती आली की तिलाच सांगू म्हटलं, आणि बारा वाजून गेले. दीड वाजता फोन आला. खानापूर रस्त्याला, ट्रक.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण काकतीला, तिच्या आईकडं होतो. राहिलेल्यांनी चाळीस पेट्या बांधून पाठवल्या, माझ्या डावीकडच्या बोर्डासकट. मला ते परत कामावर आल्यावर कळलं. तेव्हा बोलले असते तर पहिलं बोट रचनाकडं गेलं असतं. गेलेल्या पोरीचं उणं कशाला काढायचं, असं मी मनाला समजावलं. त्यातलं निम्मं खरं होतं.

चैत्र लागला. रामनवमी होऊन दोन-अडीच आठवडे झाले तेव्हा रचनाची आई, जयाबाई, कारखान्यात आली. सकाळचे अकरा वाजले होते. तिलाही माझा नेम माहीत. माझ्याकडं बघून म्हणाली, "असू दे, बारा वाजू देत. मी बसते." आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसली. पण तिच्यानं थांबवेना.

"खानापूरच्या म्होरल्या गावची माणसं आलती गं माझ्याकडं. भरमा म्हणून कोण हाय. त्याच्या हिरीवर तुमची पेटी बसवल्या फाल्गुनात. मोटर आपोआप चालू हुत्या म्हणं. कोण बटन दाबत न्हाय, काय न्हाय. आनि फोन येतोय, माझ्या रचनाचा."

मी बोर्डावरची नजर वर केली नाही.

"गेल्या सोमवारी त्याचा थोरला भाऊ, जोतिबा, पट्टा बसवत हुता पंपाचा. मोटर बंद करूनच बसला हुता. एकदम चालू झाली. तीन बोटं गेली बघ." तिनं स्वतःचा उजवा हात पुढं धरला आणि तीन बोटं मिटून दाखवली. "तिथल्या कुणीतरी सांगितलं, आवाजातली पोरगी मेल्या म्हणून. आता समदी म्हणत्यात, तीच करत्या. अडकून ऱ्हायल्या म्हणं तारंत. लगीन न झालेली पोर. आवसंला हिरीवर ये, तिची ओटी भर आनि तिला जा म्हण, असं सांगून गेलेत. आईनं म्हटल्याबिगर जात न्हाय म्हणं."

अमावास्या चार दिवसांवर होती.

बारा वाजले. जयाबाईनं माझा हात धरला. "तू तिच्याजवळ बसायचीस. तू देवाधर्माची. खरं सांग, माझी पोर कुणाला तरास दिल काय गं?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "रचना कुणाला त्रास देणार नाही."

एवढंच बोलले. तिला वाटलं मी धीर देतेय. ती डोळे पुसून एसटी गाठायला गेली. त्यानंतर मी जी गप्प बसले ते मौन नेमातलं नव्हतं.

दुपारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरमाची पेटी शोधली. नंबर एकशे बारा, श्रावणातल्या चाळिसांतली. ती आधी तीन महिने निपाणीच्या एका दुकानात पडून होती, मग परत येऊन खानापूरकडं गेली. पण कॉम्प्युटरवर एकशे बारा नंबरच्या दोन पेट्या दिसत होत्या. दोन वेगळी सिमकार्डं. एक खानापूरच्या पुढं, दुसरी निपाणीच्या बाजूला. दुसऱ्या सिमचा नंबर मला पाठ होता. तो रोज साडेदहाला माझ्या टेबलावर वाजायचा.

निपाणीत कुणीतरी पेटी उघडून चार भोकांना तारा लावल्या होत्या, आतलं सगळं उतरवून घेतलं होतं, आणि त्याची दुसरी पेटी करून विकली होती. नक्कल करणाऱ्याला काय माहीत, की पेटी बसवताना चाचणीचा नंबर काढून मालकाचा घालायचा असतो. म्हणून ती मालकाला सोडून मला फोन लावायची. आणि दोघींचा नंबर एकच, संकेत एकच. चालू-बंदचा हुकूम सिमकार्डावर नाही, पेटीच्या नंबरावर जातो. एकीला 'चालू हो' म्हटलं की दोघी चालू व्हायच्या.

चार महिने ती मला सांगत होती आणि मी फोनजवळ फूल ठेवत होते.

मारुतीरावांना दाखवलं. त्यांनी पेटीचा नंबर वहीत शोधला.

"श्रावणातला लॉट," ते म्हणाले. "रचनाच्या हातचा. कुलूप मारायचं इसरली पोरगी."

मी म्हणायला हवं होतं. ओठ उघडलेही.

"हे भाईर जाऊ द्यायचं न्हाय, आक्का. आवसंला तुमी आनि नागेंद्र जावा, नवीन पेटी बसवा. जुनी खराब झालती म्हणा. आनि आवाज बदलून टाका, दुसऱ्या कुणाचा घाला. लोकं भ्यालीत. त्यांची पूजा हाय तर हूं दे, आपल्याला काय? तिला काय आता कोण विचारायला जातंय?"

त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही. लागली, आणि तेच मला जास्त लागलं.

अमावास्येला सकाळी मी आणि नागेंद्र गाडीनं निघालो. मौन होतं. तो आपला बोलत होता, मी ऐकत होते. "आक्का, मी त्या निपाणीच्या पेटीवाल्याला शोधलंय. मष्णूमामा म्हणून हायत, तंबाखूवाले. दुकानातनं घेतली म्हणाले. पेटीवर स्टिकर पण आपल्यासारखंच. त्यांचा नंबर हाय माझ्याकडं." खानापूर मागं पडलं, झाडी दाट झाली, भातकापणीनंतरची शेतं दोन्ही बाजूंना मोकळी पडली होती.

विहिरीवर पंधरावीस माणसं होती. भरमा पुढं आला. उंच, दाढी वाढलेला. त्याच्या मागं, चिंचेखाली, जोतिबा बसला होता. उजव्या हाताला मोठं पांढरं बांधलं होतं, तो हात त्यानं मांडीवर असा ठेवला होता जसा दुसऱ्याचा असावा. जयाबाई विहिरीच्या काठावर उभी होती. सुपात हिरवं खणाचं कापड, नारळ, तांदूळ. रचनाला हिरवा रंग आवडायचा.

"आलीस?" ती मला म्हणाली. "बरं केलंस. माझ्याजवळ उभी ऱ्हा."

नागेंद्र पेटी बदलायला खांबाकडं निघाला, तर भरमानं त्याला अडवलं. "आदी तिला जाऊ दे. मग पेटीला हात लावा. न्हाईतर नव्या पेटीत बसंल."

साडेदहा होत आले होते. मला ठाऊक होतं काय होणार आहे. तिकडं निपाणीच्या बाजूला मष्णूमामा न्याहारी करून फोन हातात घेत असतील.

खांबावरच्या पेटीत कट्ट झालं. मोटर घुमायला लागली. माणसं दोन पावलं मागं सरली. भरमाच्या खिशातला फोन वाजला, त्यानं तो उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"मोटर सुरू झाली."

ती लकेर विहिरीवर ऐकली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. सगळं ठाऊक असून आला.

जयाबाईच्या हातातलं सूप हललं, तांदूळ सांडले. "रचना," ती विहिरीत बघून म्हणाली, "बाळा, का गं असं करतीस? ह्या माणसानं तुझं काय केलं हुतं? कुणाचं असं हात…" मग तिनं नारळ उचलला आणि श्वास घेतला. आता ती 'जा' म्हणणार होती. आपल्या पोरीला भूत म्हणून मान्य करून, सगळ्यांसमोर.

"मावशी, थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज तसाही बारीक, त्यात मोटरची घरघर. पण नागेंद्रनं ऐकलं. त्यानं एकदम घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. अकरा वर्षांत बारा वाजायच्या आत माझ्या घशातून शब्द आला नव्हता.

"तिनं काही केलेलं नाही. मी केलंय." मी आणखी मोठ्यानं म्हटलं. "नागेंद्र, मष्णूमामांना फोन लाव. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

फोन लागला. "मामा, उद्यमबागेतनं नागेंद्र. मोटर चालू केलीसा काय आता?"

"व्हय की रं. काय झालं?"

"जरा बंद करा बघू."

"आत्ता तर लावल्या! बरं, ही घे."

खांबावर कट्ट झालं. विहिरीवर शांतता पडली. पाण्याच्या पाइपातून शेवटचे दोन घोट पडले तेवढेच.

"परत चालू करा, मामा."

मोटर घुमली. भरमाचा फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यानं तो उचलला नाही.

"आमची बी कदी कदी आपोआप चालू हुत्या बघ," पलीकडून मष्णूमामा सांगत होते, "आमाला वाटलं कंपनीची तशीच पद्धत हाय." कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग मी सांगितलं. भोकं, कुलूप, लाल दिवा. पेटी उघडून बोर्डाच्या कडेची ती चार भोकं भरमाला दाखवली. पिना टेकवून, बरोबर नेलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर त्याची पेटी उघडी करून दाखवली. अशीच कुणीतरी उघडली आणि हिच्यासारखी दुसरी केली, म्हटलं. रचनाला दिवा बिघडलाय असं वाटलं होतं. कुलूप लागलेलं नाही हे मला दिसलं होतं. बारा वाजायचे होते, म्हणून मी सांगितलं नाही. बारा वाजून गेल्यावरही सांगितलं नाही.

जोतिबा चिंचेखालून उठून आला. बारीक, शांत माणूस होता.

"म्हणजी तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"आनि नेम हुता म्हणून बोलला न्हाईसा?"

"हो."

त्यानं बांधलेला हात दुसऱ्या हातानं जरा वर उचलला, बघितला, परत खाली सोडला. शिवी दिली असती तर मला घेता आली असती. तो म्हणाला, "त्या पोरीला आमी आठवडाभर शिव्या घातल्या की वो." आणि परत जाऊन बसला.

जयाबाईनं सांडलेले तांदूळ एक एक करून सुपात गोळा केले. खणाची घडी घातली. नारळ ठेवला. काहीच विहिरीत टाकलं नाही. काकतीपर्यंत आम्ही तिला गाडीतून सोडलं. ती माझ्या शेजारी बसली होती, सूप मांडीवर धरून. उतरताना फक्त म्हणाली, "तिचा आवाज काढू नका पेटीतनं." मग दार लावलं.

मारुतीराव महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण चाळिसाच्या चाळीस पेट्या परत मागवल्या. प्रत्येक गावात काय झालं ते खरं सांगून मागवल्या. ती अट मी घातली. जोतिबाच्या दवाखान्याचं कारखान्यानं बघितलं. बोटांचं कोण बघणार. आता कुलूप लागल्यावर मी प्रत्येक बोर्डाला स्वतः पिना टेकवते आणि पडदा कोरा राहिला तरच पुढं सोडते. मग त्या चार भोकांवर काळा डिंक ओततो. वाळला की खरवडायला गेलेल्याच्या हातात बोर्डाचे तुकडे येतात. पेटी मोटर चालू करायच्या आधी दहा सेकंद भोंगा वाजवते. आवाज रचनाचाच ठेवला आहे.

मष्णूमामांची पेटीही काढून आणली. पण निपाणीतला तो नक्कल करणारा आम्हाला सापडला तेव्हा म्हणाला, किती केल्या ते लक्षात नाही, आणि त्याच्याकडून आणखी दोघांनी उतरवून घेतलं होतं. त्यांनी नंबरही बदलले. आता त्या आमच्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. एकदा बाहेर गेलेलं परत आणायला कुलूप नसतं.

बारापर्यंतचा नेम मी अजून पाळते. खुणा करते, चिठ्ठी लिहिते. आणि एक सूट घेतली आहे.

परवा, अधिक महिन्यात, सकाळी दहा चाळीसला टेबलावरचा फोन वाजला. नंबर नवा होता. मी लगेच उलटा लावला. लागत नाही, तसले नंबर कधीच लागत नाहीत. कुठल्या गावाचं ते कळत नाही, पट्ट्याजवळ कोण बसलं आहे ते कळत नाही. फोन पुन्हा वाजला. मी उचलला.

"मोटर सुरू झाली," हसू दाबून रचना म्हणाली.

"हात काढा हो," मी म्हटलं, जितक्या मोठ्यानं मला म्हणता येतं तितक्या मोठ्यानं. सगळी शेड माझ्याकडं बघायला लागली. "कुणी असाल तर हात काढा."

पलीकडं ऐकायला कान नाहीत, हे मला सगळ्यांहून चांगलं ठाऊक आहे. असल्या पेट्या मीच तपासते. फोन बंद झाला तरी मी तो कानाशी धरून बसले, आणि बारा वाजेपर्यंत दर वेळी वाजला की म्हणत राहिले.